गोव्यात बसून सीनियर एसएपी कन्सल्टंट: मागणी किती, पगार किती आणि ऑफरचा हिशोब कसा करायचा

चवथीला भाचा पुण्याहून डिचोलीला आला होता. गणपतीवरची फळांची माटोळी बांधता बांधता म्हणाला, "मामा, ३० लाखांची ऑफर आलीय, वर्क फ्रॉम होम आहे, घेऊ ना?" एसएपी, म्हणजे कंपन्यांचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, त्यातल्या एमएम या खरेदी आणि साठ्याच्या भागात (मॉड्यूलमध्ये) त्याची तेरा वर्षं झालीत, पुण्यातलं भाडं आणि ट्रॅफिक दोन्हीला कंटाळलाय. मी म्हटलं, ऑफर लेटरचं शेवटचं पान दाखव, पगाराची फोड असते ना ते. तर त्याने ते उघडलंच नव्हतं! मग रात्री आरती झाल्यावर आम्ही दोघं वही घेऊन बसलो, आणि त्या वहीत जे लिहिलं तेच इथे जरा नीट मांडतोय, कारण गोव्यात परत यायचं म्हणणारे असे बरेच जण मला फोन करत असतात.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. २००४ ला एका खाण कंपनीच्या स्टोअर्समध्ये लागलो, २००८ ला तिथे एसएपी आलं तेव्हा स्टोअर्सचा माणूस म्हणून टीममध्ये ओढला गेलो, २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि पुण्याला जाऊन कन्सल्टंट झालो, २०२० ला लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो परत गेलोच नाही. म्हणून लेखात एसएपी जास्त आहे. ओरॅकल, डायनॅमिक्स, सेल्सफोर्स अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तारखा सोडून बाकी सगळं आपल्याला लावून घ्या, हिशोब तोच आहे.

पहिलं काम: सीव्ही बाजूला ठेवा, एक कागद घ्या

कागदावर प्रत्येक प्रोजेक्टची एक ओळ. धंदा कुठला होता, मॉड्यूल कुठलं, गो-लाईव्ह (नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू होणं) कधी झालं, तुम्ही स्वतः कुठला निर्णय घेतला आणि काय फसलं. शेवटचे दोन रकाने लोक भरतच नाहीत, आणि इंटरव्ह्यूमध्ये सगळे प्रश्न तिथलेच येतात.

भाच्याचे तेरा वर्षांत गो-लाईव्ह निघाले तीन. बाकी सगळा सपोर्ट, म्हणजे तिकीट आलं, बंद केलं, पुढचं आलं. सपोर्ट वाईट असं मी म्हणत नाही, मीही चार वर्षं केलाय, पण बाजारात सीनियर म्हणजे कोण तर जो प्लांट मॅनेजरसमोर वर्कशॉपमध्ये बसून "हे असं करू नका, महिनाअखेरीला अडकाल" असं सांगू शकतो आणि का अडकाल तेही सांगतो. तिकिटं बंद करून ते अंगात येत नाही, निदान आपोआप तरी येत नाही.

आता मॉड्यूलच्या पुढे धंद्याचं नाव लिहा. नुसतं "एमएम" म्हणणारे हजारो आहेत. "एमएम, फार्मा" म्हटलं की गर्दी एकदम कमी होते, कारण औषध कंपनीत बॅच, एक्सपायरी, क्वालिटीचं लॉट रिलीज हे सगळं लागतंच आणि वर सिस्टिमचं व्हॅलिडेशन, अमेरिकेला माल जात असेल तर २१ सीएफआर पार्ट ११ चे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचे नियम, एक सेटिंग बदललं तरी कागदपत्रं. हे ज्ञान यूट्यूबवरून येत नाही. आणि गंमत बघा, वेर्ण्याला फार्माचे एवढे प्लांट आहेत, आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे क्यूए आणि स्टोअर्समध्ये काम करून आलेली आहेत, आणि सीव्हीत ती दोन वर्षं "नॉन-आयटी" म्हणून गाळून टाकतात! अरे तेच तर सोनं आहे.

माझंच उदाहरण. पुण्यातल्या पहिल्या इंटरव्ह्यूत कॉन्फिगरेशनच्या निम्म्या प्रश्नांना मी गप्प बसलो होतो. मग त्यांनी विचारलं स्टॉकमध्ये फरक का येतो. मी सांगितलं की बार्ज भरताना वजन एक असतं, जहाजावर चढवताना दुसरं, खनिजात ओलावा किती धरायचा यावर सगळी भांडणं, आणि पावसाळ्यात ढिगाचा हिशोब कसा बदलतो. वीस मिनिटं बोललो. नोकरी त्या वीस मिनिटांची मिळाली.

मागणीचं घड्याळ वाचायला शिका

सध्या एसएपीची जी मागणी आहे तिचं मोठं कारण एक तारीख आहे. जुनं ईसीसी ६.०, म्हणजे अजून कितीतरी कंपन्या जे वापरतात ते, त्याचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ च्या शेवटी संपतो. आधी २०२५ होतं, फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षं वाढवलं. जादा पैसे भरून २०३० पर्यंत ताणता येतं, आणि जे मोठे ग्राहक राईज या एसएपीच्या क्लाउड करारात जातात त्यांच्यासाठी २०३३ पर्यंतची वेगळी वाट काढलीय. त्याच्या जागी येणारं नवं एस फोर हाना आलं २०१५ ला, आणि एसएपीने त्याला २०४० पर्यंत मेंटेनन्सचा शब्द दिलाय.

म्हणजे काम आहे, आणि सगळं एका दिवशी संपणारही नाही. पण तारखेवर उभी राहिलेली मागणी कशी असते ते आपण एकदा बघितलंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आठवतं का? एसएपीतल्या टॅक्सच्या जुन्या पद्धतीवरून (टॅक्सिंज) नवीवर (टॅक्सिन) जाणं ज्याला जमायचं त्याला कंपन्या म्हणेल तो रेट द्यायच्या, रात्री दोनला फोन यायचे. आणि सगळं स्थिरस्थावर झाल्यावर? तोच माणूस परत सपोर्टच्या रांगेत. मग १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस लागलं, ऑगस्ट २०२३ पर्यंत ते ५ कोटींवर आलं, प्रत्येक वेळी थोडी भरती आणि मग ओहोटी. मांडवीकाठी वाढलेल्यांना भरती-ओहोटी मी काय समजावू.

तर या भरतीत काय पकडायचं? माझ्या मते पहिलं कटओव्हर, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवीवर जाणं. शेवटचे तीन दिवस, मास्टर डेटा कधी गोठवायचा, उघड्या पीओंचं (खरेदी ऑर्डरचं) काय, स्टॉक कधी मोजायचा, परत फिरायचं असेल तर कुठल्या तासापर्यंत. हा प्लॅन ज्याने स्वतः एकदा चालवलाय त्याला पुढची बरीच वर्षं काम कमी पडणार नाही, कारण प्रॉडक्ट कुठलंही असो, कटओव्हर असतोच. दुसरं डेटा मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये नेणं, कंटाळवाणं काम, म्हणूनच लोक पळतात आणि म्हणूनच पैसे आहेत. एस फोरमध्ये व्हेंडर आणि कस्टमर दोन्ही बिझनेस पार्टनर या एकाच नोंदीत जातात, आणि वीस वर्षांचा कचरा, एकच व्हेंडर चार नावांनी, तो तिथे उघडा पडतो. तिसरं, आपल्या मॉड्यूलच्या शेजारचं फायनान्स. फायनान्सच्या आणि कंट्रोलिंगच्या नोंदी आता एसीडीओसीए या एकाच टेबलात जातात, मालाच्या किमतीचा हिशोब ठेवणारं मटेरियल लेजर सक्तीचं झालंय, त्यामुळे "ते फिकोवाल्यांना (फायनान्स-कंट्रोलिंगवाल्यांना) विचारा" असं म्हणणारा एमएमवाला सीनियर म्हणून टिकणं अवघड आहे.

सर्टिफिकेशन? असेल तर चांगलं, चाळणीतून सीव्ही पुढे सरकतो. आता ते दरवर्षी ताजं ठेवावं लागतं हे लक्षात ठेवा. सर्टिफिकेट बघून कोणी पाच लाख वाढवून दिलेले मी तरी बघितले नाहीत.

एआयचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात

एसएपीचा स्वतःचा एआय मदतनीस, जूल, आलंय, त्यात कन्सल्टंट लोकांसाठीचं वेगळंही आहे, कॉन्फिगरेशनचा प्रश्न विचारला की उत्तर देतं, एबॅप या एसएपीच्या प्रोग्रामिंग भाषेत साधा रिपोर्ट लिहून देतं. ज्याचा दिवस "हे सेटिंग कुठे असतं" याची उत्तरं देण्यात जातो त्याने काळजी करायला हवी. फंक्शनल स्पेक लिहिणं, टेस्ट स्क्रिप्ट बनवणं, जुना कोड समजून घेणं, यातला वेळ कमी झालाच आहे, मी स्वतः वापरतो. पण परचेस हेड आणि फायनान्स हेड दोघांचं पटत नाहीये आणि उद्या साइन-ऑफ हवाय, तिथे अजून माणूसच लागतो, आणि तोही थोडे केस पांढरे झालेला.

पैसे कोण देतो यावर किती मिळतात ते ठरतं

सर्व्हिस कंपनी, जीसीसी, एखादी कारखानदार कंपनी स्वतः, आणि कॉन्ट्रॅक्ट. चार दारं आहेत आणि एकाच माणसाची चारही दारांवर किंमत वेगळी.

सर्व्हिस कंपनीत तुम्ही बिल होता, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंटकडून येतात, तोवर राजे. टीसीएसने २०२५ च्या जूनमध्ये नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिल व्हायलाच पाहिजेत, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय रिकामं, ३५ दिवसांच्या वर नको, आणि पुढच्याच महिन्यात साधारण २ टक्के, म्हणजे बारा हजाराच्या आसपास लोक कमी करणार म्हणून सांगितलं, त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले. सीनियर माणसाचा धोका इथेच असतो. पगार वाढत जातो पण क्लायंटकडून मिळणारा रेट तेवढा वाढत नाही, आणि एक दिवस मॅनेजरच्या शीटमध्ये आपली ओळ लाल होते.

जीसीसी म्हणजे परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची ऑफिसं, देशात सतराशेच्या वर झालीत. तिथे बिलिंगचं टेन्शन नाही, एकच क्लायंट, सिस्टिम आपलीच, पगार बहुतेक वेळा सर्व्हिस कंपनीपेक्षा बरा. पण ती बहुतेक बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई, दिल्लीकडे. आणि आठवड्याला तीन दिवस ऑफिसला या म्हणतात. डिचोलीतून कसं जमणार?

गोव्यात काय आहे? वेर्ण्याला पर्सिस्टंट सिस्टिम्सचं ऑफिस आहे, फार्मा कंपन्यांच्या प्लांटमध्ये आयटीची माणसं असतात, वास्कोला गोवा शिपयार्ड आहे, काही हॉटेल ग्रुप. प्लांटची आयटी नोकरी म्हणजे सहाला घरी, शनिवारी मासळी बाजार, आयुष्य छान, पण पगार पुण्याच्या ऑफरच्या मानाने बराच खाली आणि जागा निघते ती कोणी रिटायर झालं की. मला विचाराल तर पंचेचाळिशीनंतर वाईट सौदा नाही, पस्तिशीला मात्र घाई करू नका.

आकडे

आता ज्यासाठी आलात ते. हे मी ओळखीच्या लोकांच्या ऑफर बघून, रेफरन्स देताना ऐकून सांगतोय, सर्व्हे वगैरे नाही. फंक्शनल कन्सल्टंट, म्हणजे कोड न लिहिता धंद्याचं काम सिस्टिममध्ये बसवणारा, दहा ते चौदा वर्षं, सर्व्हिस कंपनीत २० ते ३२ लाख. जीसीसीत तोच माणूस ३० ते ४५. सोल्युशन आर्किटेक्ट, म्हणजे दोन-तीन मॉड्यूल पलीकडचं बघणारा आणि क्लायंटशी थेट बोलणारा, ४५ च्या वर. आहे त्या कंपनीत वाढ एक आकडी टक्क्यांत, नोकरी बदलली की २० ते ३० टक्के, आणि २०२१-२२ ला लोकांना जे दुप्पट वगैरे मिळालं ते आता विसरा.

पण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे पगार नव्हे, हे तेरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला चवथीच्या रात्री समजावावं लागलं. त्याचे ३० लाख असे फोडले.

बेसिक निम्मं, १५ लाख. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ १ लाख ८० हजार, तो सीटीसीत धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ७२ हजारांच्या वर. व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तरच मिळणारा भाग, एकूण आकड्याच्या १२ टक्के, ३ लाख ६० हजार, "मिळू शकेल" या वर्गातलं. हे सगळं वजा केल्यावर वर्षाला उरतात २३ लाख ८८ हजार. त्यातून आपला पीएफ परत १ लाख ८० हजार. नवीन टॅक्स पद्धतीत ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून २०२५-२६ च्या स्लॅबने टॅक्स सेससकट २ लाख ८९ हजार. हातात राहिले १९ लाख १९ हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम १ लाख ६० हजार.

तो डोक्यात अडीच लाख धरून बसला होता, ३० भागिले १२!

व्हेरिएबलबद्दल माझा राग आहे तो सांगूनच टाकतो. एका कंपनीत मला १८ टक्के व्हेरिएबल लावलं होतं, पहिल्या वर्षी कंपनीचं टार्गेट नाही झालं, दुसऱ्या वर्षी युनिटचं नाही झालं, तिसऱ्या वर्षी सगळं झालं तर मी मार्चमध्ये राजीनामा दिला म्हणून नाही. तेव्हापासून मी व्हेरिएबल शून्य धरूनच तुलना करतो, मिळालं तर मोदक. ऑफर घेताना विचारायचं: गेल्या दोन वर्षांत माझ्या लेव्हलला प्रत्यक्ष किती टक्के दिलं गेलं? एचआर उत्तर टाळायला लागली तर तेच उत्तर.

कॉन्ट्रॅक्टचा मोह

गोव्यात राहणाऱ्यांना हा रस्ता बरा वाटतो कारण कॉन्ट्रॅक्टवाल्याला ऑफिसला या म्हणणारे कमी. "महिना दोन लाख" ऐकायला गोड लागतं. पण हिशोब दिवसावर करा. वर्षात कामाचे दिवस फार तर २२५, त्यात दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये दोन महिने रिकामे धरा, उरले साधारण १८०. ३० लाख भागिले १८०, साधारण १६ हजार ७०० रुपये रोज. त्याच्या खाली गेलात की नोकरीपेक्षा कमी रेटला काम करताय, वर सुट्टी नाही, ग्रुप इन्शुरन्स नाही, आईवडलांचं मेडिक्लेम स्वतःचं.

दुसरी बाजू टॅक्सची, आणि इथे चित्र फिरतं. प्रोफेशनल लोकांसाठीची जी प्रिझम्प्टिव्ह सोय आहे, जुन्या कायद्यात तिला ४४एडीए म्हणायचे, त्यात जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न धरतात. मर्यादा ५० लाख, रोखीत ५ टक्क्यांच्या वर घेतलं नाही तर ७५ लाख. समजा वर्षभर दोन लाखांनी काम मिळालं, २४ लाख जमा, त्याचे निम्मे १२ लाख, आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत टॅक्स शून्य. मग नोकरीतले १९ लाख आणि इकडचे २४ लाख शेजारी ठेवून बघा. दोन महिने रिकामे गेले तर २० लाख, म्हणजे बरोबरीला आलं, आणि नोकरीत पीएफचे दोन्हीकडून मिळून ३ लाख ६० हजार साठतात ते वेगळेच. तुमचं काम या सोयीसाठी ठरलेल्या व्यवसायांच्या यादीत बसतं का हे आधी सीएला विचारा, करार दाखवून विचारा, फोनवर नको.

२० लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी, बिलावर १८ टक्के लावायचे, ते आपले नसतात हे बँक बॅलन्स बघताना विसरायचं नाही. क्लायंट टीडीएस कापणार, प्रोफेशनल फीवर १० टक्के, त्यातला टॅक्सपेक्षा जास्त कापलेला रिटर्न भरल्यावर परत. परदेशी क्लायंट असेल तर एलयूटी (हमीपत्र) भरून जीएसटी न लावता बिल करता येतं. आणि मधला एजंट असेल तर पेमेंट किती दिवसांनी हे करारात लिहून घ्या, ३० म्हणून ९० करणारे मी बघितलेत, आणि त्या ६० दिवसांत जीएसटी मात्र खिशातून भरावा लागतो.

गोव्यात राहण्याची किंमत

घर स्वतःचं असेल तर भाडं वाचतं, हे खरंच मोठं आहे. पर्वरीला भाड्याने राहणार असाल तर पुण्यापेक्षा फार वाचेल असं समजू नका. पावसात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, एक लाईन तुटली तर दुसरी म्हणून दोन इंटरनेट, कारण कटओव्हरच्या रात्री "आमच्याकडे झाड पडलं" हे जर्मनीतल्या क्लायंटला एकदाच सांगता येतं.

प्रवास मात्र सोपा झालाय. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून डिचोली-पेडण्याकडच्या लोकांना सकाळी जाऊन रात्री परत येणं जमतं. महिन्याला दोन फेऱ्या आणि हॉटेल कोणाच्या खर्चाने, हे ऑफर लेटरमध्ये आलं पाहिजे. "बेस लोकेशन" या एका शब्दावर लक्ष ठेवा. बेस पुणे लिहिलं असेल तर पुण्याची फेरी तुमच्या खिशातून, आणि कधीही ई-मेल येऊ शकतो की सोमवारपासून ऑफिसला या. बेस गोवा किंवा रिमोट लिहिलं असेल तर तोच प्रवास कंपनीचा. मॅनेजर फोनवर म्हणाला "अरे बिनधास्त राहा गोव्यात" तर त्याला नम्रपणे सांगायचं, सर, हेच एका ओळीत मेल करा ना.

बोलणी

नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड हीच सगळ्यात मोठी अडचण. बायआउट, म्हणजे नोटिस पूर्ण न करता सुटायचे पैसे, कोण भरणार ते आधी. जॉइनिंग बोनस देत असतील तर किती महिन्यांत सोडलं तर परत द्यायचा ते वाचा. आधीचा पगार सांगायची सक्ती झाली तर फिक्स किती तेवढंच सांगून आपला आकडाही फिक्समध्येच मागा. आणि मोठा आकडा मागताना वर्षं मोजून दाखवू नका, पहिल्या कागदावरचे गो-लाईव्ह आणि फसलेल्या गोष्टी दाखवा, मी हे केलं म्हणून स्टॉकचा फरक इतक्यावर आला, असं.

परदेशाचं दोन ओळीत: अमेरिकेने बाहेरच्या देशातल्या माणसांसाठीच्या नव्या एच-वन-बी (कामाच्या व्हिसाच्या) अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरची फी लावली, त्यामुळे ऑनसाइटचं गाजर दाखवून इथला पगार कमी करणाऱ्यांना विचारा की फी कोण भरतंय. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही.

भाच्याने काय केलं? व्हेरिएबल १२ वरून ५ टक्क्यांवर आणून उरलेलं फिक्समध्ये टाकायला लावलं, बेस लोकेशन गोवा लिहून घेतलं, महिन्याला दोन फेऱ्या कंपनीच्या. एकूण आकडा ३० चा ३० च राहिला. काम फार्मा क्लायंटच्या मायग्रेशनचं आहे, कटओव्हर टीममध्ये, तेही त्याने मागून घेतलं. लॅपटॉप कुरियरने आला तो मात्र तीन दिवस डिचोलीत फिरत होता, शेवटी कुरियरवाला देवळासमोरच्या फुलवालीकडे ठेवून गेला आणि तिने संध्याकाळी शेवंतीच्या वेणीबरोबर बहिणीकडे पोचवला.